आठवी-नववीच्या मुलांचं निवासी नाट्यशिबिर: कुठं न्यावं, काय करावं?

खडूफळा | १२ सप्टेंबर, रात्री १०:१५

मंडळी, सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवतो. शाळा तालुक्याच्या गावी, मुलं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणारी. दर डिसेंबरात आमची सहल निघते आणि दर वर्षी तीच निघते. पहाटे चारला एसटी, मग जोतिबा, पन्हाळा, कोल्हापूर, गणपतीपुळे. दोन दिवसांत सात ठिकाणं. परत आल्यावर मी 'सहलीचे वर्णन' लिहायला देतो आणि साठ वह्यांत एकच वाक्य वाचतो, 'आम्हाला खूप मजा आली.' गेल्या वर्षी एका मुलीने खरं लिहिलं: 'मला पन्हाळ्याचे काही आठवत नाही, कारण आम्ही तिथे वीस मिनिटे होतो आणि त्यातली पंधरा संडासच्या रांगेत गेली.' तिला दहापैकी नऊ दिले.

यंदा मुख्याध्यापिकाबाईंना कसंबसं पटवलंय. सात ठिकाणं नकोत, एकच ठिकाण, तीन रात्री मुक्काम आणि तीन दिवस नाटक. आता त्या हो म्हणाल्यावर माझीच फाटलीय. नाटकाचा माझा अनुभव गॅदरिंगपुरता. दोन हुशार मुलं, एक गोरी मुलगी, बाकीचे मावळे. ड्रेपरीवाल्याकडून आणलेल्या दाढ्या, त्यातली एक दर वर्षी ऐन अंकात सुटते.

तर जाणत्यांनी सांगा. कुठं न्यावं? तीन दिवस नेमकं करायचं काय? शेवटी पालकांना बोलावून नाटक दाखवावं का? मुलींच्या मुक्कामाचं, मोबाइलचं कसं करता? आठवी-नववी मिळून पटावर ६३ मुलं आहेत. फी १९०० ठेवली तर तीसच्या आसपास नावं येतील असा अंदाज आहे.

डबेवाली_आई | १२ सप्टेंबर, रात्री ११:०२

सर, आधी पालकाच्या बाजूने लिहिते, नाटकाचं नंतर कुणीतरी सांगेलच.

माझी लेक सातवीत असताना एका खासगी शिबिराला गेली होती. नाव घेत नाही. माहितीपत्रक गुळगुळीत, त्यावर नाट्य, निसर्ग, नेतृत्व सगळं होतं. प्रत्यक्षात चाळीस मुलींना दोन संडास आणि मुक्कामाला एकही बाई नाही, सगळे 'दादा'. तिथे तिची पाळी पहिल्यांदा आली. पोरीने दीड दिवस कुणाला सांगितलं नाही, ओढणी फाडून वापरली. फोन काढून घेतले होते, ते मला मान्यच आहे, पण आम्हालाही एक नंबर दिलेला नव्हता. घरी आल्यावर तीन दिवसांनी मला कळलं.

म्हणून सांगते. मुली झोपतात त्याच खोलीत एक बाई शिक्षिका झोपली पाहिजे, शेजारच्या खोलीत नाही. पॅडची पिशवी बाथरूमच्या दाराला उघड टांगून ठेवा, मागायची वेळच येऊ देऊ नका. संमतीपत्रासोबत एक बंद पाकीट मागवा. रात्री अंथरूण ओलं होतं का, झोपेत चालतो का, फिट येते का, कुठलं औषध चालू आहे. हे प्रश्न पालकसभेत हात वर करून विचारायचे नसतात, कुणीही खरं सांगत नाही.

आणि हो, जेवणात पहिल्या रात्री काहीतरी घरच्यासारखं ठेवा. घरची आठवण पोटातून येते.

शेरेबुक | १३ सप्टेंबर, सकाळी ६:४०

खडूफळा सर, मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक. ३१ वर्षांत २६ सहली नेल्या, एकही मूल हरवलं नाही. एक शिक्षक मात्र हरवले होते, ते नरसोबाच्या वाडीला सापडले.

कागद आत्ताच सुरू करा. माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय गाडी हलवू नका. प्रस्तावात मुलांची यादी, मार्ग, मुक्कामाचा पत्ता, सोबतच्या शिक्षकांची नावं, पालकांची संमतीपत्रं सगळं लागतं. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून पाण्याचं नाव काढलं की टेबलापलीकडचा माणूस चष्मा काढून आपल्याकडे बघतो. ते योग्यच आहे. कोकणात जाणार असाल तर किनारा कार्यक्रमात घेऊच नका. 'नुसतं लांबून बघू' असं काही नसतं. आठवीचं पोर आणि समुद्र यांच्यात लांबून बघणं बसत नाही.

दहा मुलांमागे एक शिक्षक हा माझा नेम होता. गाडी एसटीचीच घ्या. शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत आहे, शिवाय काही झालं तर एसटीचा डेपो वाटेत कुठेतरी असतोच. खासगी गाडीवाला रात्री घाटात बंद पडला की त्याचा फोनही बंद पडतो.

गणित_प्रथम | १३ सप्टेंबर, सकाळी ९:१८

नववी म्हणजे दहावीचा पाया. चार दिवस बुडवून नाटकं करण्यापेक्षा बीजगणिताचं शिबिर घ्या की. पालक १९०० काय, २५०० देतील.

खडूफळा | १३ सप्टेंबर, दुपारी १:०५

@गणित_प्रथम, देतील हे मला माहीत आहे. तेच दुःख आहे.

डबेवाली ताई, बंद पाकिटाची कल्पना आजच बाईंना सांगितली. बाई दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "हे आपण इतकी वर्षं का केलं नाही?"

विंगेत_उभा | १३ सप्टेंबर, रात्री ११:५०

उशीर झाला, तालीम होती.

पहिली विनंती: शेवटच्या दिवशी पालकांसमोर नाटक दाखवायचं हे आत्ताच डोक्यातून काढा. मी चौदा-पंधरा वर्षं पुण्यात आणि आसपास मुलांची शिबिरं घेतोय. सादरीकरण ठरलं की दुसऱ्या दिवशी दुपारी शिबिर संपतं आणि तालीम सुरू होते. मग पाठांतर चांगलं असलेल्या चौघांची चांदी, उरलेली झाडं, दगड आणि गर्दी. तुम्हीच लिहिलंत ना, बाकीचे मावळे. मावळेच करायचे असतील तर शाळेचं पटांगण काय वाईट आहे, तीन रात्री कशाला घालवता?

पहिल्या दिवशी संवाद नाहीतच. माझा एक ठरलेला खेळ सांगतो. एका मुलाला म्हणायचं, तुझी दहाची नोट या खोलीत हरवलीय, शोधून दाखव. तो कपाळावर हात मारतो, कमरेवर हात ठेवून छताकडे बघतो, 'अरे देवा!' म्हणतो. मुलं हसतात, टाळ्या पडतात. मग त्याला बाहेर पाठवायचं, खरीच नोट सतरंजीखाली सरकवायची आणि आत बोलावून सांगायचं, सापडली तर तुझी. आता तो कपाळावर हात मारत नाही. गुडघ्यावर बसतो, चपलांचा ढीग उपसतो, एकदा बघून झालेली जागा पुन्हा बघतो, तोंडातून अक्षर नाही. बघणारी पोरं चिडीचूप. मग एवढंच विचारायचं, दोन्हींतलं कुठलं शोधणं बघत राहावंसं वाटलं? बाकी काही समजावू नका. खेळ माझा नाही, रशियन नाट्यगुरू स्तानिस्लावस्कीचा आहे. त्याच्याकडे पडद्यात खोचलेली पिन होती, आमच्याकडे दहाची नोट.

दुसऱ्या दिवशी एकच वाक्य द्या. 'कुठं होतास?' रात्री बाराला दार उघडणारी आई ते कसं म्हणेल, एसटीत जागा धरून बसलेला मित्र कसं म्हणेल, डोळ्यांनी कमी दिसणारी आजी कसं म्हणेल. अर्धा दिवस सहज जातो. तिसऱ्या दिवशी गोष्ट मुलांनीच आणायची, आपल्या घरातली, गल्लीतली. पुण्यात १९८६ पासून मोहन आगाशे, श्रीरंग गोडबोले या मंडळींनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत मराठीत आणली. तिच्यात मोठी माणसं मुलांची कामं करतात आणि राक्षस-परी नसतात, मुलांचे रोजचे खरे प्रश्न असतात. मला स्वतःला ते बघितल्यावर कळलं की मुलांच्या नाटकात बोबडं बोलावं लागत नाही.

शेरेबुक | १४ सप्टेंबर, सकाळी ६:३५

विंगेतले, राक्षसाला एवढं हाकलू नका हो. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुलांच्या नाटकांसाठी लिटल थिएटर काढलं, पहिलं नाटक रत्नाकर मतकरींचं. मी गिरगावातला. साहित्य संघाच्या नाट्यगृहात त्यांची नाटकं बघताना राक्षस आला की पहिल्या रांगेतली पोरं उठून आयांच्या मांडीत जात. त्यात मीही होतो. आजही रंगमंचावर हिरवा प्रकाश आला की पाय वर घ्यावेसे वाटतात. खऱ्या घरातलं भांडण बघायला तिकीट कशाला, ते आमच्याकडे फुकट होतं.

लेझीम | १४ सप्टेंबर, सकाळी ११:२०

एरवी वाचनमात्र असतो, पण विंगेत दादांचं वाचून लॉगिन केलं.

शेवटी नाटक नको, हे पुण्यात बसून म्हणायला ठीक आहे. मी कराड भागातला, शाळा खडूफळा सरांसारखीच. राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी आमच्या सरांनी नाटक बसवलं होतं. मी पडदा ओढायला. संवाद शून्य. प्रयोगाला वडील आले होते, हमालीचा खाडा करून. प्रयोग संपल्यावर सरांनी सगळ्यांना स्टेजवर बोलावलं आणि माझं नाव माइकवर घेतलं. वडील आजही ओळख करून देताना सांगतात, "हा नाटकात होता." त्यांनी मला रंगमंचावर दोन सेकंद बघितलं असेल.

तुमच्या शिबिरातल्या मुलांचे आईबाप एरवीही नाटकाला जातात. आमच्याकडे पोरगा तीन दिवस जाऊन काय करून आला, हे डोळ्यांनी दिसलं नाही तर पुढच्या वर्षी पाठवणार नाहीत. त्यातही मुलीला तर नाहीच.

डबेवाली_आई | १४ सप्टेंबर, सकाळी ११:४१

लेझीम, +१. मुलीचं तर अगदीच.

विंगेत_उभा | १५ सप्टेंबर, रात्री १२:१०

लेझीम, बरोबर आहे. माझ्या शिबिरांना येणारे पालक गाडी पार्क करायला जागा नाही म्हणून भांडतात, त्यावरून मी लिहिलं.

मग असं करा खडूफळा. दाखवा, पण शिबिराच्या जागी नको आणि शेवटच्या दिवशी नको. परत आल्यावर आठवडाभराने शाळेच्या पटांगणात, पालक गोल बसलेले, माइक नाही, ड्रेपरी नाही. कोण काय करणार हे त्याच संध्याकाळी चिठ्ठी काढून ठरवा. सगळ्यांना सगळी गोष्ट माहीत असेल तरच हे जमतं, म्हणजे तीन दिवस मुख्य-बिख्य कुणी उरत नाही. आणि पडदा ओढणाऱ्याचं नाव पहिलं घ्या.

माणगावखोरे | १५ सप्टेंबर, रात्री १२:३५

इतकी चर्चा झाली आणि दशावताराचं, आमच्या कोकणातल्या लोकनाट्याचं, नाव कुणी काढलं नाही? कोकणात या की, आमच्या कुडाळाक!

चिठ्ठी काढून काम ठरवण्याला तुम्ही आज प्रयोग म्हणताय. आमच्याकडे लिहिलेली संहिताच नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता जाणता नट आख्यान सांगतो: आज अमुक कथा, तू हा, तू तो, याच्यानंतर तू ये. बस. पुढचं सगळं बोलणं रंगमंचावर उभं राहून सुचवायचं. प्रत्येक नट आपला रंग आपणच काढतो. एका हातात मूठभर आरसा, दुसऱ्या हातात काडी, वर लोंबता बल्ब, आणि पाय पेटाऱ्यावर टेकलेले. अर्ध्या तासापूर्वी बिडी ओढत बसलेला माणूस भुवई काढून वर बघतो तेव्हा ती द्रौपदी असते. बायकांची कामं पुरुषच करतात.

नेपथ्य म्हणाल तर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच रथ. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. सुरुवातीला गणपती, रिद्धी-सिद्धी, मग काळ्या कपड्यांतला, लाल जीभ काढलेला संकासुर. तो ब्राह्मणाशी मालवणीत जी हुज्जत घालतो ती ऐकायला लोक बारा मैल चालत यायचे. मग मुख्य आख्यान, ते उजाडेपर्यंत. पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत चालत जावं लागे, म्हणून म्हण पडली, 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.'

डिसेंबर म्हणजे जत्रांचा ऐन हंगाम. एक दिवस पिंगुळीला काढा, कुडाळाला लागूनच आहे. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या अंगणात बसून चित्रकथी बघितली की मुलांना कळेल, एक माणूस, चित्रांची चळत आणि वीणा एवढ्यावर रामायण होतं.

मुक्कामाचं मी बघतो. नाताळच्या सुट्टीत शाळा रिकाम्या असतात.

एसटीप्रेमी | १५ सप्टेंबर, रात्री १:०२

सातारा ते कुडाळ: कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली. चहा-नाश्ता धरून आठ तास. घाटात उलट्या होणारच. पुढच्या सीटवर बसवा, निघताना पोहे देऊ नका. अवांतर: दाजीपूरच्या वळणावर गाडीचा जो आवाज येतो तो ऐकायला मी मुद्दाम त्या गाडीने जातो.

थेम्सकाठी | १५ सप्टेंबर, पहाटे ३:२० (भारतीय वेळ)

इंग्लंडमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि माणसं कमी पडली की मला 'जबाबदार प्रौढ' म्हणून नाटकवाल्यांच्या सहलीला पाठवतात. इथे जीसीएसईला, म्हणजे आपल्या दहावीच्या परीक्षेला, नाटक हा रीतसर विषय घेता येतो. त्यात प्रत्यक्ष बघितलेल्या एका प्रयोगावर लेखी परीक्षेत लिहावं लागतं, म्हणून मुलांना थिएटरात नेणं भागच असतं. शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, बसच्या बस भरून जातात. निघण्यापूर्वी धोक्यांची यादी भरायची: कुठे पाय घसरेल, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, आग लागली तर कुठल्या दाराने. पहिल्यांदा मला हे हास्यास्पद वाटलं होतं. आता मी घरी पाहुणे येणार असले तरी मनात ती यादी भरते.

पण लिहायला बसले ते फीसाठी. इथे शाळेच्या वेळेत होणाऱ्या शिक्षणाचे पैसे सरकारी शाळेला सक्तीने घेता येत नाहीत, ऐच्छिक वर्गणी मागता येते. मुक्कामी सहलीला राहण्या-जेवणाचा खर्च घेता येतो, पण ठरावीक सरकारी मदत मिळणाऱ्या घरांतल्या मुलांना तोही माफ. आणि वर्गणी दिली नाही म्हणून मूल मागे ठेवता येत नाही. पैसे कमीच पडले तर सहलच रद्द होते, सगळ्यांची. त्यामुळे कोण पैशामुळे आलं नाही हे वर्गात दिसत नाही.

तुमच्या ६३ पैकी तीस. उरलेली तेहेतीस त्या चार दिवसांत शाळेत बसून काय करणार सर? मी स्वतः सोलापुरात त्या तेहेतिसांतली होते. बाईंनी आम्हाला रिकाम्या वर्गात बसवून शुद्धलेखन दिलं होतं. कुठल्या धड्यातलं होतं तेही आठवतंय.

खडूफळा | १७ सप्टेंबर, रात्री ९:३०

थेम्सकाठी ताई, तुमचा प्रतिसाद बाईंना वाचून दाखवला. दोन दिवस शाळेत त्यावरच बोलणं चाललंय.

ठरलं ते असं. जागा कुडाळ. फी जाहीर करायची नाही. खर्च किती येणार हे पालकसभेत सांगायचं, प्रत्येकाला एक पाकीट द्यायचं, जमेल तेवढं घालून बंद करून आणायचं, रिकामं असलं तरी आणायचं. पाकिटं फक्त बाई उघडणार. कमी पडेल ते माजी विद्यार्थ्यांकडून. एका एसटीत बसतील तेवढीच मुलं, ३९, आणि आम्ही चौघं शिक्षक. त्यातल्या दोन बाई. नावं जास्त आली तर चिठ्ठ्या.

शेरेबुक सर, प्रस्ताव गेला. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "समुद्र आहे का?" मी म्हणालो, नकाशात आहे, कार्यक्रमात नाही.

विंगेत_उभा | १७ सप्टेंबर, रात्री ११:५८

तुम्ही स्वतः खेळात उतरा, एवढं फक्त बघा. वही घेऊन कडेला उभं राहायचं नाही.

डबेवाली_आई | ९ जानेवारी, रात्री ९:१०

धागा वर काढतेय. सर, जाऊन आलात का? बारा दिवस वाट बघितली.

खडूफळा | ११ जानेवारी, रात्री १०:४५

जाऊन आलो. पटांगणातला प्रयोग काल झाला, म्हणून थांबलो होतो.

फोंडा घाटात अकरा जणांना उलट्या. एसटीप्रेमींचं ऐकून पोहे दिले नव्हते, पण पोरांनी राधानगरीला लपून वडे खाल्ले. कंडक्टरांनी सीटखालून बादली काढली ती अशी, की जणू तीही तिकिटात धरलेली होती.

पहिल्या रात्री आमटी-भात. ताई, तरीही एकाला घरची आठवण आलीच. फोन लावून दिला, वडील उसाच्या फडात, लागला नाही. काही न बोलता तो माझ्याच पांघरुणात येऊन झोपला आणि रात्रभर मला लाथा मारल्या. बंद पाकिटांतून जे कळलं होतं त्याबद्दल इथे लिहीत नाही, पण दोन मुलांना आम्ही रोज पहाटे चारला हळूच उठवत होतो आणि बाकी कुणालाही काही कळलं नाही.

दहाच्या नोटेचा खेळ मी आधी स्वतः खेळलो. कपाळावर हात मारला. पोरं इतकी हसली की मला पुढची पंचवीस वर्षं पुरेल.

दुसऱ्या दिवशी माणगावखोऱ्यांनी एका वयस्कर दशावतारी काकांना आणलं. त्यांनी पाच मिनिटांत बकासुराची कथा सांगितली, कामं वाटली आणि म्हणाले, चला. मुलं म्हणाली, "काका, पाठ कधी करायचं?" ते म्हणाले, "पाठ शाळेत करूचा. हयसर समोरचो काय बोलता ता आयकूचा." पहिले तीन प्रयत्न भयाण. सगळे एकदम बोलत होते, किंवा कुणीच बोलत नव्हतं. काका बाकड्याच्या टोकावर बसून नुसते पाय हलवत होते. चौथ्या वेळी, ज्या घराची पाळी आलीय त्या घरातली बाई म्हणून ती आमची संडासच्या रांगेवाली मुलगी उभी राहिली. कुंती तिला धीर देतेय, काळजी करू नकोस, माझा भीम जाईल, तू फक्त गाडाभर भात कर. तर ही म्हणते, "गाडाभर? आमच्या कार्डावर महिन्याला किती तांदूळ मिळतो ते तुम्हाला माहीत नाही वाटतं." काकांचे पाय थांबले. कुंती झालेल्या मुलीला काही सुचेना, मग तीच म्हणाली, "बरं, मग शेजारणींकडून थोडा थोडा उसना घेऊ." आणि पुढची दहा मिनिटं एकचक्रा नगरीत घरोघरी तांदूळ मागणं चाललं होतं, एकोणचाळीस घरं, प्रत्येकाचं कारण वेगळं. भीम बिचारा बाजूला भुकेने ताटकळत उभा.

पिंगुळीत छायाबाहुल्यांच्या पडद्यामागे जायला मिळालं तेव्हा मात्र शिस्त मोडली. त्याबद्दल माफी तिथेच मागितली.

रात्री जत्रा. संकासुरापर्यंत सगळी जागी, आख्यानात निम्मी एकमेकांच्या अंगावर. पहाटे नट खोबरेल लावून रंग पुसत होते तेव्हा मुलं पुन्हा उठून रंगपटाशी उभी. राजाचं काम केलेले गृहस्थ एका डोळ्याची भुवई पुसायची राहिली तशाच चेहऱ्याने पेटारा उचलून टेम्पोत ठेवत होते. आमचा एक जण मदतीला धावला. राजा म्हणाला, "रव, जड आसा."

काल पटांगणात चिठ्ठ्या काढून बकासुर केला. विंगेत दादा, दीडेकशे पालक गोल बसले होते, हे खरं. पण माइक नाही म्हणून मागच्यांना ऐकू येईना आणि ते उठून पुढे आले, मग गोल वगैरे काही राहिला नाही. गाड्याला दोन रेडे जुंपलेले होते. एका पालकाने येऊन तक्रार केली, "एवढं पाठवलं आणि पोराला रेडा केलं?" पोरगं मागे उभं होतं, ते म्हणालं, "पप्पा, उजवीकडचा रेडा अवघड असतो." यापुढे त्याने जे समजावलं ते मला समजलं नाही.

एक मुलगा तीनही दिवस आणि कालही एक शब्द बोलला नाही. गप्प गेला, गप्प आला. बाकडं मात्र त्याने दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नाही, आणि दर वेळी रथ म्हणून ठेवलं की तिरकं, सिंहासन म्हणून ठेवलं की सरळ. लेझीम, त्याचं नाव पहिलं घेतलं. त्याची आई कामावर होती, आली नव्हती. नाव पुन्हा घ्यायला मी तिच्या घरी जाणार आहे.

लेझीम | ११ जानेवारी, रात्री ११:०३

सर, तिकडे जाल तेव्हा बाकडंही न्या.

गणित_प्रथम | १२ जानेवारी, सकाळी ९:०५

खर्चाचं काय झालं? पाकिटांतून जमले किती?

खडूफळा | १२ जानेवारी, दुपारी १२:५०

पाकिटांतून खर्चाच्या निम्म्याहून थोडे जास्त. नऊ पाकिटं रिकामी, एकात पाच हजार आणि नाव नाही. उरलेले माजी विद्यार्थ्यांनी दिले. शेवटी २,३४० कमी पडले, त्यातले दोन हजार कंडक्टरांची बादली हरवली नसती तर लागले नसते असं बाईंचं म्हणणं आहे. बादली दोनशेची होती. बाई मराठीच्या आहेत, गणिताच्या नाहीत.

गणित_प्रथम | १२ जानेवारी, दुपारी १:१५

ते २,३४० माझ्याकडून. व्यक्तिगत निरोप करतो.

थेम्सकाठी | १२ जानेवारी, दुपारी ३:४०

मागे राहिलेल्या चोवीस जणांनी काय केलं?

खडूफळा | १२ जानेवारी, रात्री ८:२०

नाताळची सुट्टी होती, त्यामुळे रिकाम्या वर्गात कुणाला बसवावं लागलं नाही. पण चिठ्ठीत नाव न आलेले आठ जण होते, ते रुसलेत. त्यांना पुढच्या वर्षी पहिली जागा, असं लिहून दिलंय. त्यातल्या एकाने त्यावर बाईंची सही आणि शाळेचा शिक्का मागितला. दिला.

माणगावखोरे | १२ जानेवारी, रात्री ११:३०

सर, शाळा झाडताना सापडलं: तुमचे दोन स्टीलचे पेले, एक निळी चादर, एक डावी चप्पल आणि एक बादली. बादलीवर 'सातारा आगार' लिवलेला आसा. न्हेवक कोण येतला?